केराचा आठवडा: स्टुटगार्टमधल्या एका जिन्याचं प्रकरण

जानेवारीतल्या एका संध्याकाळी फोन आला. "ताई, घराच्या ऑफिसकडून पत्र आलंय. मोबाइलवर भाषांतर करून बघितलं, पण काहीतरी गडबड आहे. त्यात म्हणे आम्ही 'झाडू-आठवडा' पाळला नाही. नऊ तारखा दिल्यात."

भाषांतरात काहीच गडबड नव्हती.

मी जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये चौदा वर्षं राहते. नव्याने आलेल्या मराठी घरांची पत्रं वाचून देणं हे माझं बिनपगारी काम होऊन बसलंय. विमा, पाळणाघर, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी, नोंदणी कार्यालय असलं बहुतेक सगळं एका फोनमध्ये मिटतं. हे प्रकरण मिटायला पाच महिने गेले आणि त्यात माझ्याही दोन चुका झाल्या, म्हणून लिहून ठेवते आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

नवरा अडतीस वर्षांचा, पुण्याहून आलेला वाहन उद्योगातला सॉफ्टवेअर इंजिनिअर. बायको पुण्यात ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची, इथे आल्यावर जर्मनच्या वर्गात विद्यार्थिनी झाली. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. चार महिने घर शोधल्यावर फॉयरबाख भागात, दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं घर मिळालं. इमारत जुनी, तीन मजली, सहा बिऱ्हाडांची, लाकडी जिन्याची. लिफ्ट नाही. वॉचमन नाही, हे वेगळं सांगायला नको.

भाडेकरार तेवीस पानी होता. त्यातलं भाडं, अनामत आणि घर सोडण्याची मुदत एवढा भाग त्यांनी पैसे देऊन भाषांतर करून घेतला. शेवटी जोडलेली चार पानं, म्हणजे हाउसऑर्डनुंग, इमारतीचे नियम, तशीच राहिली. "सोसायटीचे नियम असतात तसे असतील, बघू नंतर," असं ठरलं. आपल्याकडे सोसायटीचे नियम लिफ्टशेजारी काचेच्या पेटीत लावलेले असतात आणि भांडण झाल्यावरच ते कुणी वाचतं, तेव्हा हा निर्णय मला अगदी समजण्यासारखा वाटतो. फक्त इथे ती चार पानं कराराचाच भाग होती आणि खाली दोघांच्या सह्या होत्या.

आता एक तपशील, ज्याशिवाय पुढचं सगळं मूर्खपणाचं वाटेल. ऑक्टोबरात ऑफिसातल्या मंडळींनी या कुटुंबाला उंटरट्युर्कहाइमच्या वरच्या द्राक्षमळ्यांत फिरायला नेलं. स्टुटगार्ट हे द्राक्षमळ्यांचं शहर आहे, उतार शहराच्या आतपर्यंत येतात. तिथले मळेवाले वर्षाकाठी चार महिने आपल्याच घरात किंवा गोठ्यात बाकं टाकून आपली वाइन विकू शकतात. दुकान उघडं आहे हे कळावं म्हणून दारावर झाडू टांगतात. त्या जागेला म्हणतातच बेझनविर्टशाफ्ट, झाडूची खानावळ. नवीन वाइन, कांद्याचा केक आणि अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसणं असा तो प्रकार असतो. सहकाऱ्याने मुलीला सांगितलं, "दारावर झाडू दिसला की समजायचं, या, तुमचं स्वागत आहे."

तीन आठवड्यांनी यांच्या घराच्या कडीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. पाटीवर रंगवलेला झाडू आणि खाली एकच शब्द, केरवोखं.

पाटी आत गेली

मुलीने अर्थ लावला तो तर्काला धरूनच होता. झाडू म्हणजे स्वागत, आणि शेजाऱ्यांनी स्वागताची पाटी दिली. आईबापांनाही ते पटलं. बायको म्हणाली, "किती गोड लोक आहेत." पाटी मुलीच्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलावरच्या खिळ्याला गेली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. केरवोखं म्हणजे केर काढायचा आठवडा. जर्मनमधलं 'केरन' म्हणजे झाडणं. आपल्या 'केरा'शी त्याचं जुळणं हा निव्वळ योगायोग असावा, पण इथल्या मराठी घरांत तो इतका सोयीचा ठरलाय की सगळे सरळ 'केराचा आठवडा' म्हणतात. या घरात तो दोन प्रकारचा होता. लहान केराच्या आठवड्यात समोरासमोरची दोन बिऱ्हाडं आपल्या मजल्याचा जिना आलटून पालटून झाडतात-पुसतात. मोठा केराचा आठवडा सहाही बिऱ्हाडांत फिरतो. त्यात मुख्य दार, तळघराचा जिना, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि इमारतीसमोरची पायवाट येते, हिवाळ्यात त्या पायवाटेवरचा बर्फही. ज्याची पाळी त्याच्या कडीला पाटी. काम झालं की त्याने ती पुढच्या दारावर नेऊन टांगायची. निरोप नाही, वेळापत्रक नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नाही. सगळा कारभार त्या लाकडी पाटीवर.

आणि मोठी पाटी दुसऱ्या मजल्यावर टेबल-लॅम्पच्या बाजूला लटकत होती.

लहान पाळीचं काय झालं? समोरच्या घरात एक ट्रकचालक गृहस्थ राहायचे, आठवड्यातले चार दिवस बाहेर. यांच्या वाट्याचे लहान आठवडे ते काही न बोलता स्वतःच उरकत होते. चांगुलपणानेच, पण त्यामुळे या कुटुंबाला कळायची एक संधी गेली.

डिसेंबरच्या मध्यावर तळमजल्यावरच्या बाईंनी टपालपेटीत एक कार्ड टाकलं. बाई एकोणऐंशी वर्षांच्या, फक्त आपल्या बिऱ्हाडाच्या मालकीण, एकट्या. कार्डावर मेणबत्तीचं चित्र आणि आत जुन्या वळणाचं, एकमेकांत गुंतलेलं हस्ताक्षर. मोबाइलचा कॅमेरा त्यापुढे हरला. महिना डिसेंबरचा, चित्र मेणबत्तीचं, म्हणजे नाताळच्या शुभेच्छाच असणार. बायकोने बेसनाचे लाडू केले आणि तिघंही नटूनथटून खाली देऊन आली. बाईंनी आभार मानले, मुलीला चॉकलेट दिलं, आणि आता जिना झाडला जाईल म्हणून वाट पाहत राहिल्या.

मी नंतर ते कार्ड वाचलं. पहिल्या दोन ओळी खरंच शुभेच्छांच्या होत्या.

पत्र

जानेवारीतलं पत्र व्यवस्थापन कार्यालयाचं होतं. त्यात नऊ तारखा, हाउसऑर्डनुंगच्या कलमाचा हवाला, दोन आठवड्यांची मुदत, आणि नंतर सफाई कंपनीला काम देऊन बिल तुमच्या नावे पाठवू, असा इशारा. सूर थंड होता. जर्मन कार्यालयीन पत्राचा सूर नेहमीच थंड असतो. वाढदिवसाचं पत्रही ही माणसं कलम घालून लिहितील असं मला कधीकधी वाटतं. पण नवख्या माणसाला तो सूर कानाखाली मारल्यासारखा लागतो.

नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, "ताई, हे आपल्यालाच का?"

या प्रश्नाला मी कधीच हसून उडवत नाही. घर शोधताना आपलं आडनाव वाचून परत न आलेले फोन मी स्वतः मोजलेत. पण याच घरात दोन वर्षांपूर्वी पहिल्या मजल्यावरच्या जर्मन विद्यार्थ्यांना असंच पत्र गेलं होतं, हे बाईंनीच मला नंतर दाखवलं. कलम तेच, इशारा तोच.

त्याचा दुसरा प्रश्न इंजिनिअरचा होता. "हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

याचं उत्तर मजेशीर आहे. स्टुटगार्टच्या 1492 च्या नगरनियमात, काउंट एबरहार्टच्या काळात, शहर स्वच्छ राहावं म्हणून प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला शहराबाहेर न्यावी असं सांगितलेलं आहे. कोलंबस निघाला तेच हे साल. 1714 मध्ये गल्ल्या साफ ठेवण्याचा वेगळा नियम निघाला. पुढे हा केराचा आठवडा नगरपालिकेच्या नियमांत राहिला आणि 1988 मध्ये शहराने ती सक्ती काढून टाकली. आज नगरपालिका तुमचा जिना बघायला येत नाही. बंधन येतं ते भाडेकरारातून. करारात किंवा त्याला जोडलेल्या नियमांत असेल तर करायचं, नसेल तर नाही. पायवाटेवरच्या बर्फाचं थोडं निराळं आहे. ती जबाबदारी शहर घरमालकावर टाकतं आणि मालक कराराने ती भाडेकरूवर टाकू शकतो. कुणी घसरून पडलं तर भरपाईचा प्रश्न उभा राहतो, म्हणूनच इथे आल्या आल्या दायित्व विमा काढा असं मी सगळ्यांच्या मागे लागते.

"म्हणजे कायदा नाही," तो म्हणाला.

"सही आहे," मी म्हणाले.

इथे माझी पहिली चूक झाली. मी त्यांना म्हटलं, "अहो, सोपं आहे, झाडायचं आणि पाटी पुढे द्यायची." कधी, कसं, कोणत्या फडक्याने, हे काहीच सांगितलं नाही. चौदा वर्षांत ते माझ्या अंगवळणी पडलं होतं आणि आपण ते कधी शिकलो हेच मी विसरले होते.

बाई लावू

तो शनिवारी खाली गेला. हातात पाटी होती, मनात उपाय तयार होता. तळमजल्याच्या बाई आणि पहिल्या मजल्यावरचे एक जण जिन्यातच भेटले. त्याने अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या जर्मनमध्ये आधी माफी मागितली आणि मग सुचवलं की कशाला सगळ्यांनी त्रास घ्यायचा, आपण कामाला बाई लावू. सुरुवातीचे सहा महिने सगळ्यांचे पैसे मी देतो.

पुण्यातल्या जिन्यात या बोलण्याने माणूस दिलदार ठरला असता. इथे दोन्ही चेहरे मिटले.

बाईंनी विचारलं, "तुम्हाला वेळ नाही का?"

त्याला तो टोमणा वाटला. मी पुढे बाईंकडे चहाला गेले तेव्हा त्यांना काय ऐकू आलं होतं ते कळलं. खुब्याचा सांधा बदललेल्या एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला वेळ मिळतो आणि अडतीसच्या माणसाला मिळत नाही, हे त्यांना खरोखर उमगत नव्हतं. शिवाय सफाईचा खर्च एकदा घराच्या वार्षिक हिशेबात शिरला की तो बाहेर निघत नाही. सहा महिन्यांनंतर सगळ्यांच्याच डोक्यावर बसला असता. घर कसं चालावं हे तीन महिन्यांपूर्वी आलेला माणूस पैशाच्या जोरावर ठरवतो आहे, असं त्यांना वाटलं. तिसरी गोष्ट त्यांनी अडखळत सांगितली. "मी आयुष्यभर जे करत आले, ते यांच्या लेखी मोलकरणीचं काम आहे."

मी त्यांना उलट विचारलं की नऊ आठवडे दार का नाही वाजवलं? "नियम त्यांच्याकडे होते. कार्डही लिहिलं. नव्या माणसाला दारात उभं करून लाजवायचं कशाला?" त्यांच्या हिशेबी पत्र ही सभ्यता होती आणि तोंडावर बोलणं हा उद्धटपणा. आपल्याकडे नेमकं उलटं असतं. शेजारणीने "अहो, तुमची पाळी राहिली बरं का," असं हसत म्हणावं, आणि कार्यालयातून पत्र म्हणजे युद्ध. माझ्या मते चूक दोन्हीकडे होती, आणि घरमालकाच्या कार्यालयाची सर्वांत जास्त. नव्या भाडेकरूला चार पानी नियम देऊन जिना न दाखवणं हा आळस आहे.

नवऱ्याने मग तिसरा मार्ग काढला, मला न विचारता. ओळखीतल्या ओळखीत एक भारतीय विद्यार्थी गाठला, वीस युरो रोख, शनिवारी येऊन मोठी पाळी करून जा. मुलगा आला, झाडून गेला. हे मला कळलं तेव्हा मी चिडले. नोंदणी न करता रोखीने दिलेल्या अशा कामाला इथे श्वार्त्सआरबाइट म्हणतात, काळं काम. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला किती दिवस काम करता येतं याला मर्यादा असते, आणि जिन्यात पडून हात मोडला असता तर विम्याच्या फॉर्मवर त्या मुलाने काय लिहिलं असतं?

पण माझं चिडणं निर्णायक ठरलं नाही. ठरला तो त्याच आठवड्यातला बुधवार. रात्रभर बर्फ पडला. पायवाट सकाळी सातपर्यंत मोकळी हवी. विद्यार्थी शनिवारचा, तो बुधवारी कशाला येईल? नवरा पावणेसातला पडदा सरकवायला खिडकीशी गेला आणि खाली बाई फावडं घेऊन बर्फ ओढताना दिसल्या. हळूहळू, एका हाताने भिंत धरून. पाटी यांच्या दारावर होती.

तो पायजम्यावर जॅकेट चढवून खाली धावला. बाईंनी फावडं त्याच्या हातात दिलं आणि आत गेल्या. आभार मानले नाहीत, काही बोलल्याही नाहीत.

उंबरठा

या टप्प्यावर मी दोघांना घरी बोलावलं. मला जे कळेना ते असं की हा माणूस आळशी नव्हता. घरात भांडी घासायचा, मुलीचे डबे करायचा, रविवारी संडास धुवायचा. मग जिन्यानेच काय घोडं मारलं होतं?

बराच वेळ तो वेळेबद्दल आणि मीटिंगांबद्दल बोलला. मग म्हणाला, "ताई, दाराच्या आत काहीही करीन. पण बाहेर, येणाजाणाऱ्यांसमोर, झाडू घेऊन वाकायचं म्हणजे... आमच्या सोसायटीत जिना झाडायला माणूस यायचा. त्याचं नाव मला माहीत नाही. पंधरा वर्षं यायचा."

ते शेवटचं वाक्य बोलून तो स्वतःच गप्प झाला.

आपल्या घरांत स्वच्छतेची एक रेषा असते आणि ती उंबरठ्यावर असते. आतलं आपलं. बाहेरचं कुणाचं तरी, आणि तो 'कुणीतरी' कोणत्या जातीतून येतो हे आपल्याला न विचारता ठाऊक असतं. गाडगेबाबांवर शाळेत निबंध आपण सगळ्यांनी लिहिला. खराट्याचं वर्णनही त्यात छान केलं. खराटा हातात घेतलेला मात्र माझ्या वर्गातला एकही मुलगा मला आठवत नाही, आणि मुली झाडत होत्या त्या आपापल्या घरात. ती रेषा सामानाबरोबर विमानात चढते. तेवीस किलोंच्या बॅगेत तिचं वजन धरत नाहीत.

बायको इतका वेळ शांत होती. ती म्हणाली, "इथे आल्यापासून चार महिने घरातला केर आठवड्याचे पाच दिवस मी काढते. तेव्हा तो कुणाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न नव्हता. जिन्यात आला आणि लगेच झाला."

त्यावर मला भर घालावीशी वाटली नाही. अजूनही वाटत नाही. एवढंच नोंदवते की या शहरातही शनिवारी जिन्यात बायकाच जास्त दिसतात, तेव्हा फार हुरळून जायचं कारण नाही.

पाळी

मार्चमध्ये नवऱ्याचे वडील आले, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. आयुष्य नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या कालव्यावर, उसाच्या शेतीत गेलेलं.

ते आले त्याच आठवड्यात मोठी पाटी फिरून यांच्या दारावर आली. आबांनी नातीला विचारलं, हे काय? तोवर नात शाळेत चांगलीच रुळली होती. तिच्या वर्गात भिंतीवर तक्ता असतो आणि त्यावर मुलांच्या नावांचे कपड्याचे चिमटे. फळा पुसणं, झाडांना पाणी, वर्ग झाडणं, अशी कामं लिहिलेली आणि दर सोमवारी चिमटे सरकतात. जर्मन शाळांत हे सर्रास असतं, त्याला डीन्स्ट म्हणतात. ती आबांना म्हणाली, "आबा, हा आपला डीन्स्ट आहे. चिमटा आपल्याकडे आलाय." पाटी खोलीत टांगणारी हीच मुलगी. आईबापांना करार, कलम आणि इतिहास सांगून मी जे नीट समजावू शकले नव्हते, ते तिने चिमट्यात बसवलं.

आबांनी एकदा पाटीकडे पाहिलं. "आरं, ही तर पाटाची पाळीच हाये की."

मग मला फोनवर त्यांनी सविस्तर सांगितलं, कारण मुलगा नीट ऐकत नाही अशी त्यांची तक्रार होती. पाटाच्या पाण्याला पाळी असते. रात्री दोनला आली तर रात्री दोनला थंडीत दारं धरायला जायचं. पाळी चुकवली तर नुकसान तुमचं एकट्याचं नसतं, पुढच्याचं सगळं कोलमडतं आणि पाटकऱ्यापासून गावापर्यंत सगळे बोलतात. "आन् पैशे देऊन गडी लावला तरी चालतं बरं का," ते म्हणाले, "पन बांधावर मालकाला उभं ऱ्हावंच लागतं. मालक दिसला न्हाई की लोक म्हनत्यात, याला पान्याची गरज न्हाई."

बाईंना नेमकं हेच म्हणायचं होतं. त्यांना केराची फारशी पडलेली नव्हती. त्या घराचा जिना इतका स्वच्छ असतो की बहुतेक शनिवारी झाडण्यासारखं काही नसतंच. त्यांना बघायचं होतं की पाळीला कोण उभं राहतं.

अर्थात पाळी समजली म्हणून काम आलं असं नाही. आबांनी शुक्रवारी दुपारी, सुनेला सरप्राइज म्हणून, दोन बादल्या पाणी जिन्यावर ओतलं आणि खराट्यासारखा ब्रश फिरवला. लाकडी जिना! पाणी पहिल्या मजल्याच्या पायपुसण्यांपर्यंत पोचलं. बाई "होल्त्स! होल्त्स!" ओरडत बाहेर आल्या. लाकूड, लाकूड. आबांना वाटलं नमस्कार करताहेत. त्यांनी हात जोडले. मग बाईंनी स्वतः फडकं आणून, ते घट्ट पिळून, वरपासून तीन पायऱ्या पुसून दाखवल्या. आबा शेजारी उभं राहून बघत होते, चौथ्या पायरीला त्यांनी फडकं हातात घेतलं. दोघांची एकही भाषा सामाईक नव्हती. त्या दुपारी बाईंनी आबांना तळघरातली केराची कपाटं, मीठ-खडीची पेटी, फावड्याची जागा, सगळं हाताने दाखवलं. ऑक्टोबरात कुणीतरी करायला हवं होतं ते काम मार्चमध्ये झालं.

एप्रिलमध्ये पुढची पाळी आली. या वेळी नवऱ्याने स्वतः केली, नीट केली, लाकूड सांभाळून केली. फक्त मंगळवारी रात्री साडेनऊला, मीटिंग संपल्यावर. शनिवारी सकाळी बाईंनी नम्रपणे विचारलं, आज केव्हा करणार आहात? "केलं की! मंगळवारी!" तो वैतागून मला म्हणाला, "आता काय व्हिडिओ काढून ठेवू?"

ही माझी दुसरी चूक होती. शनिवार हा शब्द नियमांच्या चार पानांत कुठेही नाही, पण या घरात केराचा आठवडा शनिवारी सकाळी संपतो. रात्री दहानंतर आवाज नको आणि रविवारी तर दिवसभरच शांतता, म्हणून शनिवार. त्या वेळी सगळ्यांची पायपुसणी कठड्यावर उलटी टाकलेली असतात, जिन्यात ओल्या लाकडाचा वास असतो, आणि वरखाली करताना दोन शब्द बोलणं होतं. मंगळवारी रात्री झाडलेला जिना स्वच्छ होता, पण त्याला साक्षीदार नव्हता. बांधावर मालक दिसला नव्हता.

पुढे

मेअखेरच्या शनिवारी मी मुद्दाम गेले. नवरा मुख्य दाराशी, मुलगी डब्यांच्या जागेत छोटा झाडू घेऊन, बायको वर्गाला गेलेली. आबांचं परतीचं तिकीट चार दिवसांवर होतं. ते पायवाटेवर खुर्ची टाकून देखरेख करत होते. बाई खिडकीतून बघत होत्या. काम संपलं, बाई बाहेर आल्या, दाराच्या कोपऱ्यापासून फाटकापर्यंत नजर फिरवली, "सो," एवढं म्हणाल्या आणि आत गेल्या.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "आवडलं की नाही?"

स्टुटगार्ट ज्यात येतं त्या श्वाबेन प्रांतात एक म्हण आहे. तिचा भावार्थ असा, की रागावले नाहीत म्हणजे कौतुक पुरेसं झालं. ती मी त्याला सांगितली. ती त्याच्या जर्मनच्या पुस्तकात सापडणार नव्हती. हे शहर ज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने 1999 मध्ये स्वतःची जाहिरात "आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून" अशी केली होती.

व्यवस्थापनाचं दुसरं पत्र आलं नाही. सफाई कंपनीचं बिलही नाही. विद्यार्थ्याला दिलेले वीस युरो बुडाले असं नवरा अजून म्हणतो, तो मुलगा तसं म्हणत नाही. लाडवांचा डबा बाईंनी धुऊन परत केला, आत स्वतः केलेला प्लमचा जॅम ठेवून. समोरच्या ट्रकचालकांना उशिरा का होईना धन्यवाद दिले, तर ते चक्रावून म्हणाले, मला वाटलं तुमच्यात हे काम करायचं नसतं. यावर नवरा दोन दिवस अस्वस्थ होता. मलाही त्याला लगेच काही सांगता आलं नाही, कारण ट्रकचालकांना कुठून तरी कळलं होतं आणि ते अगदीच खोटंही नव्हतं.

जूनमध्ये पहिल्या मजल्यावर नवीन जोडपं आलं, हॅम्बुर्गचं. दोघंही अस्सल जर्मन, पण उत्तरेकडचे. केराचा आठवडा हा दक्षिणेतल्या या प्रांताचा प्रकार, तो त्यांच्याकडे नसतो.

जुलैच्या एका रविवारी परत फोन आला. आवाज दबका होता, बहुधा जिन्यातूनच बोलत असावा.

"ताई, हॅम्बुर्गवाल्यांनी पाटी आत नेलीय. आत्ता दार वाजवू, की आज रविवार आहे म्हणून उद्या?"